ट्यूब लावायची असते ताई, चोळायची नाही

प्रश्न : मी ४७ वर्षांची, अंगणवाडी सेविका. गेल्या गुरुवारी एसटीतून उतरताना शेवटची पायरी चुकली आणि डावा पाय आत मुडपला. लंगडत घरी आले तोवर घोटा टम्म सुजला होता. जाऊबाईंनी लसूण घालून कडवलेल्या तेलाने अर्धा तास रगडून दिलं, अंगठा ओढून शीर बसवली. रात्री ठणका वाढला, सकाळी सूज दुप्पट. मग डब्यात होतं ते सगळं केलं : आधी स्प्रे, त्यावर जेल, त्यावर बाम, वरून घट्ट क्रेप बँडेज आणि झोपताना गरम पाण्याची पिशवी. आता कातडी लाल झाली आहे आणि तीन-चार बारीक फोड आले आहेत. पाय टेकतो, चालता येतं, पण बाहेरच्या बाजूला काळंनिळं झालं आहे. एक्स-रे काढलेला नाही. कोणती ट्यूब सगळ्यात चांगली? शेकायचं की बर्फ लावायचा? आंबेहळदीचा लेप चालेल का? मैत्रीण म्हणते, इंजेक्शन घेऊन टाक, एका दिवसात मोकळी होशील. आणखी एक, आमच्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्यांची हृदयाची झडप बदलली आहे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. हाच बाम त्या रोज दोन्ही गुडघ्यांना चोळतात. नऊ वर्षांचा पुतण्याही खो-खो खेळून आला की हेच लावतो. चालतं ना?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, कोणती ट्यूब चांगली ते सांगते, पण तुमच्या पायाला आज तरी एकही ट्यूब लावायची नाही. फोड आलेल्या कातडीवर जेलही नाही, बामही नाही आणि लेपही नाही. साध्या गार पाण्याने हलक्या हाताने धुऊन कोरडं करा, फोड फोडू नका, टूथपेस्ट वगैरे लावू नका आणि दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. फोड पसरत असतील, त्यातून पू येत असेल किंवा ताप भरला असेल तर दोन दिवसही थांबू नका, आजच जा.

हे भाजणं झालं कशामुळे? एकट्या बामने नव्हे, एकट्या जेलनेही नव्हे. आपल्याकडच्या अनेक जेल-स्प्रेंमध्ये मेंथॉल आणि मेथिल सॅलिसिलेट असतं, बाममध्येही बहुधा तेच. म्हणजे तुम्ही तीन वेगळी औषधं लावली असं तुम्हाला वाटलं, पण प्रत्यक्षात एकच औषध तीनदा थापलं. वर घट्ट पट्टी बांधून ते कोंडलं आणि गरम पिशवीने कातडीत आणखी मुरवलं. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, सप्टेंबर २०१२ मध्ये नेमका यावरच इशारा दिला होता. चिठ्ठीविना मिळणाऱ्या अशा मलमांनी त्वचा भाजल्याच्या ४३ नोंदी त्यांच्याकडे जमल्या होत्या. बहुतेक गंभीर जखमा मेंथॉल ३ टक्क्यांहून आणि मेथिल सॅलिसिलेट १० टक्क्यांहून जास्त असलेल्या मलमांनी झालेल्या. कित्येकांना एकदाच लावून २४ तासांच्या आत फोड आले होते. घरातली ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा, या आकड्यांच्या आसपासचेच आकडे दिसण्याची शक्यता बरीच आहे.

आता हाडाचं. एक्स-रे लागतो का, हे ठरवायची एक सोपी रीत कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडली आणि आजही जगभर तीच वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे जे उंचवटे लागतात, त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेने वर साधारण तीन-चार बोटं एवढ्या भागात अंगठ्याने दाबून बघा. मांसल सुजेवर नाही, थेट हाडावर. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर जे हाड वर आल्यासारखं लागतं, तिथे दाबा. आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर. यांपैकी कुठेही दाबल्यावर कळ आली, किंवा पडल्या पडल्या आणि नंतरही चार पावलं टाकता आली नसती, तर एक्स-रे काढायचा. तुम्ही लंगडत का होईना घरी आलात आणि आजही चालताय, हे चांगलं लक्षण आहे. पण तुमच्या बाबतीत मध्ये अर्धा तास रगडणं आणि अंगठा ओढणं झालंय. फोड दाखवायला जाणारच आहात, तेव्हा डॉक्टरांकडून हाडही दाबून तपासून घ्या.

जाऊबाईंना रागावू नका. चोळल्यावर बरं वाटतं हे खोटं नाही. चोळण्याच्या स्पर्शामुळे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत कमी पोहोचतो. पण पाय आत मुडपतो तेव्हा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं जोडणारा चिवट पट्टा, ताणलं जातं किंवा थोडं फाटतं, बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि आत रक्त साकळतं. तुम्हाला जे काळंनिळं दिसतंय ते हेच रक्त. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्या जागेवर गरम तेल लावून रगडणं म्हणजे नुकती बुजू लागलेली जखम पुन्हा उकलणं. सूज दुप्पट झाली ती त्यामुळेच. बसवायला तिथे कुठली शीर सरकलेलीच नव्हती.

तर ट्यूब. मुरगळणं, मुका मार, लचक अशा ताज्या दुखण्यात गोळीपेक्षा जेल आधी वापरावं, असं माझं मत आहे आणि मी एकटी असं म्हणत नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन आणि फॅमिली डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२० साली मिळून जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात कंबर सोडून बाकी अंगाच्या ताज्या दुखापतीला पहिला उपाय म्हणून दाहशामक, म्हणजे सूज-दुखणं उतरवणारं, जेलच सांगितलं आहे. त्याआधी २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. त्यांत डायक्लोफिनॅक या दाहशामक औषधाच्या एका प्रकारच्या जेलने साधारण आठवड्याभरात १०० पैकी ७८ जणांचं दुखणं निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलं. औषध नसलेलं नुसतं जेल लावणाऱ्यांत ते प्रमाण १०० पैकी २० होतं. दुसरा आकडाही लक्षात ठेवा, कारण मुरगळलेला पाय पुष्कळदा आपोआपच बरा होत असतो आणि श्रेय शेवटच्या ट्यूबला मिळतं. कीटोप्रोफेनचं जेलही चांगलं ठरलं, आयब्युप्रोफेनचं जरा मागे. जेलमधलं औषध गोळीच्या तुलनेत जेमतेम ६ टक्के रक्तात उतरतं, त्यामुळे पोटात आग, मूत्रपिंडावर ताण हे धोके खूप कमी. खूप कमी म्हणजे शून्य नव्हे, हे सासूबाईंच्या संदर्भात पुढे येईलच.

म्हणून दुकानात 'दुखण्याची ट्यूब द्या' एवढंच म्हणू नका. डब्यावर एकटं डायक्लोफिनॅक लिहिलेलं मागा. मेंथॉल, जवसाचं तेल, मेथिल सॅलिसिलेट अशी चार-पाच नावं असलेली ट्यूब जास्त 'कडक' लागते, पण कडक लागणं म्हणजे जास्त औषध असणं नव्हे. मेंथॉलने घोटा थंड होत नाही आणि मिरचीतल्या कॅप्सेसिनने गरमही होत नाही. कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना तसं भासवलं जातं, एवढंच. ही टोकं गरम-गार कसं ओळखतात हे कॅप्सेसिन आणि मेंथॉल वापरूनच उलगडलं आणि त्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत नोबेल मिळालं. बाम निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. मुंबईत १८९३ साली जन्मलेल्या अमृतांजनची पिवळी बाटली माझ्याही घरात आहे, डोकं दुखलं की मीही शोधते. पण बाम दुखण्यावरून लक्ष उडवतो, सुजेवर त्याची फारशी मात्रा चालत नाही.

लावायची पद्धत मात्र बहुतेकांची चुकते, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडून चुकते. औषध घ्यायचं वाटाण्याएवढं आणि चोळायचं पाच मिनिटं. खरं तर उलट हवं. मोठ्या माणसाच्या घोट्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम जेल लागतं, दिवसातून तीन-चार वेळा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेलची रेघ ओढली की ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. म्हणजे अशा चार रेघा तरी हव्यात. हिशेब करा : दिवसाला ६ ग्रॅम धरले तरी ३० ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपायला हवी. जिची ट्यूब वर्षभर पुरते आणि जी म्हणते 'काही गुण नाही हो', तिला गुण येणार कसा? जेल दुखऱ्या भागावर सगळीकडून पसरायचं, हात जेमतेम फिरवायचा, कातडीत जिरलं की झालं. वाळू द्यायचं, मग मोजा घालायचा. हात धुवायचे, डोळ्याला लागलं तर काय होतं ते एकदा अनुभवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यावर शेक नाही, प्लास्टिक नाही, घट्ट पट्टी नाही, दुसरी ट्यूब नाही. कीटोप्रोफेन असेल तर ती जागा उन्हापासून झाकून ठेवा आणि थांबवल्यावरही दोन आठवडे झाका. उन्हाने त्यावर वाईट पुरळ उठू शकतं, शेतात काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. सात दिवसांत फरक नाही तर डॉक्टर, आणि स्वतःच्या मनाने चौदा दिवसांच्या पुढे नाही. गरोदर बाईने हे जेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, पाच महिन्यांनंतर तर नाहीच. ॲस्पिरिनने किंवा दुखण्याच्या गोळ्यांनी ज्यांना दमा उठतो, त्यांनीही नाही. आणि एकीकडे जेल लावून दुसरीकडे तीच दाहशामक गोळी पोटात, असंही नको. तुमची कातडी बरी होईपर्यंत दुखलंच तर पॅरासिटामोल घ्या. यकृताचा त्रास नसेल तर ती चालते.

सासूबाईंचा भाग मात्र नीट वाचा, तुमच्या घोट्यापेक्षा मला त्याची काळजी जास्त आहे. मेथिल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातलं. ते कातडीतून रक्तात उतरतं आणि रोज, मोठ्या भागावर, चोळून चोळून लावलं तर बरंच उतरतं. वॉर्फरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी असं मलम सतत लावल्यामुळे रक्त प्रमाणाबाहेर पातळ झाल्याच्या, रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. कृत्रिम झडप असलेल्यांना आपल्याकडे वॉर्फरिन नाहीतर त्याच जातीची ॲसिट्रोम देतात. त्यांनी बाम आजपासून बंद करावा. गोळी मात्र अजिबात बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही; झडपेवर गुठळी झाली तर ते बामपेक्षा कितीतरी महागात पडेल. ज्या डॉक्टरांकडे त्यांची आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची, तपासणी होते त्यांना फोन करून बाम रोज लावत होत्या, हे स्पष्ट सांगा आणि तपासणी कधी करायची ते विचारा. वयस्कर मंडळी डॉक्टरांना गोळ्या सगळ्या सांगतात, बाम-तेलाचं नाव घेत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नव्हे. दरम्यान हिरड्यांतून, नाकातून रक्त, लघवी लाल, शौचाला डांबरासारखी काळी, अंगावर उगाच उमटलेले डाग, यांतलं काही दिसलं किंवा त्या डोक्यावर आपटल्या, तर वाट न बघता दवाखान्यात. गुडघ्यांना कोरडा शेक द्या, पिशवीला टॉवेल गुंडाळून. खोबरेल किंवा तिळाचं साधं तेल हलक्या हाताने लावलं तर हरकत नाही. डायक्लोफिनॅकचं जेलही त्यांना डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. खुर्चीत बसून एकेक पाय समोर ताठ करून पाच अंक मोजायचे आणि सोडायचा, असं दिवसातून दोनदा दहा-दहा वेळा केलं तर गुडघ्याला बामपेक्षा जास्त टिकाऊ आराम पडेल.

पुतण्याला या डब्यातलं काहीच नाही. डायक्लोफिनॅक जेलवर बारा वर्षांखाली वापरू नका असं असतं, आणि सॅलिसिलेट व कापूर लहान मुलांच्या हाती लागता कामा नये. शुद्ध विंटरग्रीन तेलाचा, म्हणजे मेथिल सॅलिसिलेटचा, एक लहान चमचा पोटात गेला तर जवळजवळ ७ ग्रॅम ॲस्पिरिन गिळल्यासारखं होतं आणि लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. बामचं झाकण उघडं टाकू नका ते यासाठी. खो-खोच्या मुलांचं एक वेगळंही असतं. या वयात हाडाच्या टोकाला वाढीचा जो कोवळा थर असतो तो लिगामेंटपेक्षा कच्चा असतो, त्यामुळे मोठ्याला जिथे लचक भरते तिथे मुलाचं हाड दुखावू शकतं. रोज खेळून पाय दुखत असेल तर मलम चोळण्याआधी कोणीतरी त्याचा पाय आणि त्याचे बूट बघायला हवेत. टीव्हीवर खेळाडू स्प्रे मारून पुन्हा मैदानात उतरतो ते मुलं बघतात. त्याआधी फिजिओने त्याचा घोटा चाचपलेला असतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

बर्फ की शेक? पहिले दोन-तीन दिवस बर्फ, फडक्यात गुंडाळून, एका वेळी पंधरा मिनिटांच्या आत, दिवसातून तीन-चारदा. तो दुखणं कमी करतो. लवकर बरं करतो असा फारसा पुरावा नाही. आराम-बर्फ-दाब-उंची हे सूत्र १९७८ साली ज्यांनी लोकप्रिय केलं त्या डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये म्हटलं की बर्फ आणि पूर्ण आराम भरून येणं लांबवू शकतात. तेव्हा बर्फाचंही स्तोम नको. तुम्ही आता पाच दिवस उलटून गेल्यावर आहात, तुम्हाला बर्फाची गरज नाही आणि फोडांवर शेकही चालणार नाही. आंबेहळद-रक्तचंदनाचा कोमट लेप धडधाकट कातडीवर, सौम्य असेल तर मुक्या मारावर लावायला माझी ना नाही. सूज उतरल्याचं अनेक जण सांगतात. पण चुना घातलेला लेप मात्र कातडी भाजतो, तो नको.

क्रेप बँडेज सुजेसाठी उपयोगी आहे, तुम्ही ते घोट्यापासून बांधलंत की बोटांपासून, यावर सगळं आहे. बोटांच्या मुळापासून सुरू करून घोट्यावरून आठच्या आकड्यासारखं फिरवत वर पोटरीकडे जायचं, प्रत्येक फेरा आधीच्या निम्म्या फेऱ्यावर. खाली घट्ट, वर जाताना सैल. बोटं निळसर, गार किंवा बधिर झाली की सोडायचं. रात्री काढून ठेवायचं आणि पाय उशीवर. फोड सुकेपर्यंत तुम्ही ते बांधूच नका.

इंजेक्शन नको. दुखणं दाबून लगेच पाय टाकत फिरायला लागलात तर अर्धवट भरलेलं लिगामेंट पुन्हा ताणलं जाईल आणि मग दर पावसाळ्यात 'माझा पाय मुरगळतोच' हे पालुपद सुरू. जेलचाही उपयोग मी एवढाच मानते, की दुखणं जरा कमी झाल्यावर पाय हलवता यावा. हलवणं हेच खरं काम. आजपासून खाटेवर बसून पाय हवेत ठेवा आणि अंगठ्याने मुळाक्षरं गिरवा, क पासून ज्ञ पर्यंत, दिवसातून तीनदा. दुखेल तिथे अक्षर लहान काढा. आठवड्याने ओट्याला धरून टाचा वर, मग हळूच खाली. दुखणं बऱ्यापैकी गेलं की ओट्याला एक बोट टेकवून त्या पायावर अर्धा मिनिट उभं राहायचं. चहा उकळेपर्यंत एवढा वेळ मिळतोच. तोल सावरायला शिकलेला घोटा पुन्हा मुडपण्याची शक्यता कमी होते, आणि यासाठी कुठली ट्यूब निघालेली नाही. महिनाभर तरी हे सोडू नका. अंगणवाडीत बसून करायचं काम आता करायला हरकत नाही. घरभेटीसाठी दोन-तीन आठवडे थांबा आणि पोषण आहाराचं पोतं उचलायला दुसरं कोणीतरी बघा.

त्या डब्यातून जुनं सगळं काढून टाका. मुदत संपलेलं, लेबल फाटलेलं, कोणी दिलं ते आठवत नसलेलं. एक डायक्लोफिनॅकची ट्यूब ठेवा, उघडल्याची तारीख मार्करने लिहून. एक क्रेप बँडेज, पॅरासिटामोलची एक पट्टी. स्प्रेचा डबा ठेवायचाच असेल तर गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब ठेवा, तो पेट घेतो. आणि बाम सासूबाईंच्या उशाखालून नक्की काढा, त्या 'हो हो' म्हणतील आणि रात्री लावतील.